मोटारसायकल प्रवासी पिशव्या

मोटारसायकल प्रवासी पिशव्या म्हणजे दुचाकीवरून दूरच्या प्रवासाला जाताना सामान नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, जाड कापड, चामडे किंवा प्लास्टिकचा लेप दिलेली ताडपत्री यांपासून बनवलेल्या मऊ पिशव्या होत. ॲल्युमिनियम, फायबर किंवा कडक प्लास्टिकच्या पेट्यांना त्या पर्याय म्हणून वापरल्या जातात. आसनाच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी सॅडल बॅग, इंधनाच्या टाकीवर बसणारी टँक बॅग आणि आसनाच्या मागील भागावर बांधली जाणारी टेल बॅग हे तिचे मुख्य प्रकार आहेत. चालकाच्या पाठीवरील पिशवीचाही यात समावेश केला जातो. पिशवी निवडताना खरेदीदाराचे लक्ष सहसा तिच्या आकारमानाकडे असते. प्रत्यक्षात वजन कोठे पडते, पिशवी कशी बांधली जाते आणि तापलेल्या सायलेन्सरपासून ती किती दूर राहते, या तीन बाबींवर प्रवासाची सुरक्षितता अधिक अवलंबून असते.

संज्ञा

बाजूच्या पिशव्यांसाठी रूढ असलेला 'पॅनिअर' हा शब्द भाकरीची टोपली या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. सॅडल बॅग हे नाव घोड्याच्या खोगिरावरून पडले. घोड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या जोडपिशवीला मराठीत खुर्जी म्हणत; खांद्यावर पुढे-मागे टाकायच्या जोडपिशवीला पडशी हा शब्द आहे. रचनेच्या दृष्टीने आजची सॅडल बॅग ही खुर्जीच आहे, मात्र मोटारसायकलस्वारांच्या बोलण्यात हा शब्द उतरलेला नाही. 'खोगीरभरती' हा शब्द मात्र निरुपयोगी भरण्याच्या अर्थाने टिकून आहे आणि पहिल्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या अनेकांच्या पिशव्यांना तो लागू पडतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात लष्करी निरोप्यांच्या मोटारसायकलींना जाड किंतानाच्या पिशव्या लावलेल्या असत. युद्धानंतर फायबर व प्लास्टिकच्या कुलूपबंद पेट्या आल्या. १९८२ ते १९८४ या काळात मोटारसायकलवरून जगप्रवास करणाऱ्या ब्रिटिश वास्तुविशारद एल्स्पेथ बिअर्ड यांनी वाटेत सिडनी येथे ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या पेट्या स्वतःच्या हातांनी बनवून आपल्या बीएमडब्ल्यूला बसवल्या होत्या. २००४ सालच्या 'लाँग वे राउंड' या दूरचित्रवाणी मालिकेनंतर मोठ्या ॲल्युमिनियमच्या पेट्या हे साहसी प्रवासाचे जणू चिन्हच बनले. त्याच प्रवासात सामानाने लादलेल्या ताफ्यातील एका मोटारसायकलची चौकट मंगोलियाच्या खडबडीत वाटांवर मोडली आणि वेल्डिंग करून घ्यावी लागली, ही गोष्ट तितकीशी लक्षात राहिली नाही.

मऊ पिशव्यांच्या आधुनिक रूपाचे मूळ सायकलींच्या विश्वात आहे. जर्मनीतील हार्टमुट ऑर्टलीब यांना इंग्लंडमध्ये पावसात सायकल चालवताना मालमोटारीची ताडपत्री पाहून जलरोधक पिशवीची कल्पना सुचली आणि १९८२ मध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला. तोंड गुंडाळून बंद करायची ताडपत्रीची पिशवी पुढे मोटारसायकलींवरही आली. भारतात २०१० नंतरच्या दशकात बंगळूरची व्हायाटेरा, मुंबईची रायनॉक्स यांसारख्या उत्पादकांमुळे अशा पिशव्या सहज उपलब्ध झाल्या. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनसारख्या मोटारसायकलींनी या मागणीला हातभार लावला.

मऊ पिशवी की कडक पेटी

कडक पेटीला कुलूप लावता येते, ती पावसात गळत नाही आणि शहरात गाडी उभी करून निर्धास्तपणे जेवायला जाता येते. मऊ पिशवी चाकूने फाडता येते व पट्टे सोडून काढूनही नेता येते. चोरीची भीती हा पेटीच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा आहे.

डांबरी रस्ता संपला की हिशेब बदलतो. चिखलात, वाळूत किंवा नाल्यातील गोट्यांवरून जाताना तोल गेला की चालक आपोआप पाय जमिनीवर टेकवतो. गाडी पुढे सरकत असते, पाय मात्र मागे राहतो आणि रुंद पेटीचा पुढचा कोपरा पोटरीवर किंवा घोट्यावर येतो. पाय पेटी आणि जमीन यांच्यामध्ये सापडून हाड मोडण्याचे प्रकार या पद्धतीने घडतात. मऊ पिशवी अशा वेळी दबते व पाय बाहेर काढण्यास वाव मिळतो. जड हत्यारे किंवा स्टोव्ह पिशवीच्या बाहेरच्या अंगाला भरले असतील तर हा फायदा बराच कमी होतो. त्यामुळे पायाच्या दिशेने कपड्यांसारखे मऊ सामान ठेवणे इष्ट ठरते.

गाडी पडल्यावर पेटीचा पत्रा वाकतो, झाकण नीट बसत नाही व धक्का थेट चौकटीला पोहोचतो. पिशवी फाटली तर सुई-दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने काम भागते. उत्तर भारतातील प्रवासासाठी महाराष्ट्रातून मोटारसायकल रेल्वेने पार्सल करण्याची पद्धत आहे. त्या वेळी टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते, गाडीला गोणपाट गुंडाळले जाते आणि सुटे सामान उतरवून घेणे शहाणपणाचे असते. मऊ पिशव्या खांद्याला लावून डब्यात नेता येतात. दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या घेऊन फलाटावरून चालणे हा निराळाच व्यायाम होतो.

वजनाचा हिशेब

प्रत्येक मोटारसायकलला उत्पादकाने ठरवलेले कमाल अनुमत वजन असते. त्यातून गाडीचे इंधनासह वजन वजा केले की वाहून नेता येणारा भार मिळतो. या भारात चालक, सहप्रवासी, त्यांचे शिरस्त्राण व संरक्षक कपडे, सामान लावण्याची लोखंडी चौकट आणि पिशव्यांचे स्वतःचे वजन हे सर्व धरले जाते, ही गोष्ट अनेकदा सुटते. समजा, एखाद्या गाडीचे इंधनासह वजन १९५ किलो आणि कमाल अनुमत वजन ३७५ किलो आहे. १८० किलोंपैकी चालकाचे साहित्यासह ८५ आणि सहप्रवाशाचे ६५ किलो गेले तर ३० किलो उरतात. ॲल्युमिनियमच्या पेट्यांची जोडी व तिची चौकट मिळून सहज १५ ते २० किलो भरतात, म्हणजे प्रत्यक्ष सामानासाठी १० ते १५ किलोच शिल्लक राहतात. मऊ पिशव्यांची जोडी सामान्यतः ४ ते ६ किलोंत बसते. हलकी चौकट धरूनही सामानाला २० किलोंच्या आसपास वाव मिळतो. दोघांनी प्रवास करायचा असेल तर निवड बरेचदा या वजाबाकीतच ठरते.

एकूण वजनाइतकेच त्याचे स्थान महत्त्वाचे असते. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे ठेवलेला भार तरफेसारखा काम करतो: मागचे चाक दाबले जाते, पुढच्या चाकावरील भार हलका होतो, हँडल सैल वाटू लागते आणि वेगात गाडी डावी-उजवीकडे डुलू लागते. चढावर आणि वाळूत हा दोष अधिक जाणवतो. म्हणून हत्यारे, सुटे भाग, ट्यूब, पाणी यांसारख्या जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि चालकाच्या जवळ, तर झोपण्याची पिशवी, जाकीट यांसारख्या हलक्या पण फुगीर वस्तू वर व मागे ठेवतात. मागील रॅकवर उत्पादकाने लिहिलेली मर्यादा बहुधा काही किलोंचीच असते. मोठी टेल बॅग त्या रॅकवर पूर्ण लादण्यापेक्षा तिचा बराचसा भाग आसनावर टेकेल अशी बांधणे चांगले.

दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे. घरच्या वजनकाट्यावर पिशव्या तोलून पाहण्यास पाच मिनिटे लागतात आणि घाटातील वळणांवर त्याचा उपयोग होतो. भार वाढल्यावर मागील शॉक ॲब्सॉर्बरचा ताण वाढवणे, चाकांतील हवा उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे करणे आणि हेडलाइटचा झोत खाली घेणे ही कामेही सामान भरण्याचाच भाग आहेत. मागून दबलेल्या गाडीचा दिवा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आकारमान लिटरमध्ये मोजतात. मुक्कामाची सोय असलेल्या ३-४ दिवसांच्या एकट्याच्या प्रवासाला ३० ते ४० लिटर, थंड प्रदेशातील दोन आठवड्यांच्या प्रवासाला ५० ते ६० लिटर आणि तंबू बरोबर असल्यास ७० ते ८० लिटर पुरेसे होतात. याहून मोठी पिशवी घेतली तर ती भरली जातेच, आणि अर्धी रिकामी राहिली तर आतले सामान हलून पट्टे सैल पडतात.

टँक बॅग आणि पाठपिशवी

टँक बॅगेतील भार गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ येत असल्याने हाताळणीवर तिचा परिणाम सर्वांत कमी होतो. कॅमेरा, कागदपत्रे, औषधे अशा वारंवार लागणाऱ्या वस्तूंसाठी ती सोयीची असते. चुंबकाने चिकटणारी पिशवी फक्त लोखंडी टाकीवर चालते. प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या टाकीला पट्ट्यांची पिशवी लागते. चुंबक आणि टाकी यांच्यामध्ये धूळ अडकली की रंगावर ओरखडे उठतात, त्यामुळे पिशवी बसवण्यापूर्वी टाकी पुसणे आवश्यक असते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते पिशवीला अडत नाही ना आणि हॉर्नचे बटण दाबले जात नाही ना, हेही पाहावे लागते. फार उंच टँक बॅग उभे राहून चालवताना पोटाला लागते.

पाठीवर मोठी पिशवी घेऊन शेकडो किलोमीटर जाणे भारतात सर्रास दिसते, कारण कॉलेजची किंवा कार्यालयाची पिशवी घरात असतेच. तिचे वजन दिवसभर खांदे व कमरेवर राहते आणि थकवा लवकर येतो. अधिक गंभीर बाब म्हणजे पडताना पिशवीतील कुलूप, तिपाई, लॅपटॉप यांसारख्या कठीण वस्तू पाठीचा कणा आणि रस्ता यांच्यामध्ये येतात. पाठीवर २-३ लिटर पाण्याची नळीवाली पिशवी ठेवावी आणि बाकीचे गाडीवर टाकावे, असा संकेत अनुभवी स्वारांत आहे.

कापड आणि जलरोधकता

कापडाचा जाडपणा डेनियर या एककात सांगतात. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. १,००० डेनियर नायलॉन घासले गेले तरी सहज फाटत नाही. मात्र डेनियर ही धाग्याची जाडी आहे, विणीची किंवा शिवणीची गुणवत्ता नव्हे. जाड कापडाची पिशवी शिवणीत उसवू शकते. पट्टे ज्या ठिकाणी कापडाला जोडलेले असतात, तेथे आडवी-तिरपी दुहेरी शिवण आहे का, हे दुकानात पाहणे आकड्यापेक्षा उपयोगी ठरते.

शिवलेल्या पिशवीत सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी शिरू शकते. म्हणून पूर्ण जलरोधक पिशव्यांचे सांधे उष्णतेने वितळवून जोडतात आणि झिपेऐवजी तोंड गुंडाळून बकलाने बंद करतात. तोंडाला किमान तीन वळसे द्यावे लागतात, त्यामुळे पिशवी गच्च भरली की ती जलरोधक राहत नाही. झिप (जिला बोलण्यात 'चेन' म्हणतात) उघडायला सोपी असते, पण लडाखच्या बारीक धुळीत ती अडकते.

स्वस्त सॅडल बॅगांबरोबर रंगीत पाऊसकव्हर मिळते. थांबलेल्या गाडीवर ते ठीक काम करते. धावत्या गाडीवर मात्र पाऊस फक्त वरून येत नाही. मागच्या चाकाने उडवलेले गढूळ पाणी खालून व मागून येते आणि वाऱ्याने फुगलेले कव्हर निसटून चाकात किंवा साखळीत जाण्याचा धोका असतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आंबोलीसारख्या घाटांत पावसाळी सहलीला जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यापेक्षा पिशवीच्या आत जलरोधक अस्तरपिशवी ठेवणे आणि बाहेरची पिशवी भिजू देणे अधिक भरवशाचे असते.

बांधणी

पिशवी पडण्याचे कारण बहुतेक वेळा फाटलेले कापड नसून सैल पडलेला पट्टा असतो. हुक असलेली रबरी दोरी भारतात प्रत्येक दुकानात मिळते. ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनीही गोणी-बोचकी बांधली जातात. रबर ताणले जात असल्याने खड्ड्यांमध्ये सामान उसळते व दर उसळीला थोडे सरकते. ताणलेला हुक निसटून डोळ्याला इजा होण्याचीही भीती असते. न ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा आणि दाताने घट्ट पकडणारे बकल हे साधन अधिक योग्य आहे. पट्ट्याचे उरलेले टोक मोकळे सोडू नये. तेच मागच्या चाकात गुंडाळले जाते आणि चाक जागीच अडकू शकते. निघाल्यावर २०-३० किलोमीटरवर थांबून सर्व पट्टे पुन्हा ओढण्याची पद्धत आहे, कारण तेवढ्या अंतरात सामान आत बसते व पट्टे ढिले होतात.

दोन्ही बाजूंना भार टांगून दुचाकी चालवण्याची उत्तम उदाहरणे महाराष्ट्रात रोज पाहायला मिळतात. दूधवाल्यांच्या किटल्या लोखंडी कड्यांना अडकवलेल्या असतात, आसनावरून टाकलेल्या दोरीला नव्हे. सॅडल बॅगेलाही असाच आधार लागतो. चौकटीशिवाय आसनावरून टाकलेली पिशवी खड्ड्यात आत झुलून टायरला घासते. बाजूला साधी लोखंडी चौकट लावल्यास हा प्रश्न सुटतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, सहप्रवाशासाठी पकड आणि पाय ठेवण्याची सोय आवश्यक आहे. बोलण्यात 'साडी गार्ड' म्हटली जाणारी ही जाळी पिशवीची चौकट बसवताना अनेकजण काढून टाकतात. ती ठेवली तर नियम पाळला जातोच, शिवाय डाव्या बाजूची पिशवी चाकापासून दूर राहते.

मागचा दिवा, वळणाचे दिवे आणि नंबर प्लेट पिशवीने झाकली जाऊ नये. २०२० मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीनुसार मोटारसायकलवरील हलक्या पेटीसाठी ५५० मिलिमीटर लांबी, ५१० रुंदी आणि ५०० उंची अशी मर्यादा आहे. ती मागच्या आसनाच्या जागी बसवल्यास सहप्रवासी नेता येत नाही. ही तरतूद मुख्यतः घरपोच माल देणाऱ्यांना लागू पडणारी असली, तरी बाहेर किती पसरावे याचा अंदाज त्यावरून घेता येतो.

उष्णता

सायलेन्सर हा मऊ पिशवीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पीव्हीसीचा लेप १०० अंश सेल्सिअसच्या खालीच मऊ पडू लागतो, तर नायलॉन व पॉलिएस्टर २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतात. घाट चढताना सायलेन्सरचा इंजिनाजवळचा भाग त्याहूनही तापू शकतो. उंच सायलेन्सर असलेल्या गाडीवर त्या बाजूची पिशवी जळून आतल्या सामानाला आग लागू शकते, आणि चालकाला ते मागून येणाऱ्याने सांगितल्यावरच कळते. रिकाम्या, उभ्या गाडीवर अंतर मोजून भागत नाही. पिशवी भरून, दोघे गाडीवर बसून, शॉक ॲब्सॉर्बर दबलेला असताना पिशवी आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटे तरी मोकळी राहिली पाहिजेत. धातूची उष्णतारोधक पट्टी लावली तरी हवा खेळण्यासाठी जागा लागते. दोन्ही पिशव्या सारख्या मोठ्या न घेता सायलेन्सरच्या बाजूची लहान पण जड सामानाची आणि दुसरी मोठी पण हलक्या सामानाची ठेवणे हा एक उपाय आहे.

इंधनाबाबत विशेष काळजी आवश्यक असते. मनाली-लेह मार्गावर तांडी येथील पेट्रोल पंपाजवळचा, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक स्वारांमध्ये प्रसिद्ध आहे. त्यामुळे या मार्गावर ५ लिटर जास्तीचे पेट्रोल अनेकजण बरोबर घेतात. त्याचे वजन साधारण पावणेचार किलो होते. पाण्याच्या पातळ बाटलीत ते भरून कपड्यांच्या पिशवीत ठेवणे धोक्याचे आहे. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बाटली फुगते, झाकणातून वाफ सुटते आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो. घट्ट झाकणाचा इंधनाचा डबा पुढील बाजूस, टाकीशेजारच्या चौकटीवर उभा बांधतात आणि चढ चढताना थांबेल तेथे सावकाश झाकण सैल करून त्यातला दाब सोडतात.

निगा

प्रवासानंतर पिशव्या साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. डिटर्जंटमुळे जलरोधक लेप कमकुवत होतो. कोकणासारख्या दमट हवेत ओलसर पिशवी घडी घालून ठेवल्यास आतल्या अस्तरावर बुरशी येते व लेपाचे पापुद्रे सुटतात; तोंड उघडे ठेवून टांगलेली पिशवी अधिक काळ टिकते. चामड्याच्या पिशव्या क्रूझर प्रकारच्या गाड्यांवर शोभतात, पण पावसाळ्यापूर्वी व नंतर त्यांना तेल किंवा मेण लावावे लागते. बाहेर छिद्र पडल्यास त्याच जातीच्या कापडाचे ठिगळ आतून चिकटवतात. प्लास्टिकचे बकल बहुधा सर्वांत आधी तुटते, म्हणून एक-दोन जास्तीची बकले आणि दोन मीटर पट्टा हत्यारांच्या पिशवीत ठेवलेला असतो.